दादानं लपवलेल्या कांजण्या

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याला दवाखान्यात ड्युटीवर होते. "वन्सं, ह्यांना लई दम लागतोय. कांजण्या आल्यात... सहावा दिस हाय." सहावा दिवस! रोज संध्याकाळी मी दादाशी बोलत होते आणि रोज तो म्हणायचा, जरा कणकण आहे, तू येऊ नकोस. मी कळंबला पोचले तोवर न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

महिना होऊन गेला, तरी भेटायला येणारे विचारतात, कांजण्यांनी कुठं माणूस मरतं का? मरतं. लेकरांना हे दुखणं सहसा सोपं जातं, मोठ्या माणसाच्या छातीत उतरलं तर जीव घेतं. आणि हे दादाला सांगायची गरज नव्हती, तो विज्ञानाचा मास्तर. कांजण्या देवीच्या कोपानं नाही, विषाणूनं होतात, हे तो दरसाल वर्गात शिकवायचा. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर घरच्यांनी नाकं मुरडली, तेव्हा माझा फॉर्म त्यानंच भरला. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान... तो लिंबाच्या पाल्यावर निजला. घरात फोडणी बंद, बाहेरच्याला मज्जाव, औषधाचं नाव नाही. बाई आलीय, सुई टोचली तर कोपंल, असं आई म्हणाली आणि त्यानं ऐकलं. वहिनी मला कळवायला निघाली तर तिला म्हणाला, "राहू दे. ती आली की आईशी भांडंल." हे वहिनीनं मला दहाव्याला सांगितलं.

आईचा मला राग नाही, ती तिच्या समजुतीनं वागली. दादा समजून उमजून खोटं बोलला, तेही माझ्याशी. पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर वाचलाच असता, असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण एक संधी होती, आणि ती त्यानं मला दिली नाही. हा दगा मला अजून पचलेला नाही.

तेराव्याच्या आतच त्याच्या लेकीच्या, मनूच्या, पाठीवर पुळ्या दिसल्या. शेजारीण पाला घेऊन आली. आईनं तिला दारातूनच परत लावलं, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल, डॉक्टरला दाव हिला."

मनू बरी झाली. परवा ती दादाच्या टेबलाशी बसून त्याचं विज्ञानाचं पुस्तक चाळत होती. रोगांच्या धड्यात पेन्सिलीनं केलेल्या त्याच्या खुणा होत्या. तिनं विचारलं, "आत्या, पप्पांना हे म्हाईत नव्हतं का?"

नव्हतं, म्हणाले मी. त्याच्यासाठी आता मलाही खोटं बोलावं लागलं.