मालसुन वहिनींचा ओला हात

तर मालसुन वहिनींचं बोट सुजून गाजराएवढं झालं, तिथवर काल आलो होतो आपण. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, बोट सुजलं ते मोगर बसून. आमच्या दोलमोरू गावात इंजल्मी अजून पाटावर कुटतात. वाफवलेला चिकट भात जाड लाकडी पाटावर ओतायचा, एकाने लांब दांड्याचा मोगर डोक्यावरून आणून हाणायचा आणि दोन घावांच्या मधे दुसऱ्याने ओल्या हाताने गोळा उलटायचा. शितं दिसेनाशी झाली की तुकडे करून भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवायचे, झालं. मारणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. उलटणाऱ्याकडे कोणी बघत नाही, बोट ठेचेपर्यंत.

वहिनी लग्न होऊन घाटापलीकडून आल्या तेव्हापासून उलटायला बसल्या. मारायला त्यांचा नवरा किल्सू, माझा जोडीदार. मोगर मारावा तर त्यानेच. एका वर्षी त्याने वहिनींना न विचारता वासरू विकलं, आणि सुगीतल्या छुसॉकच्या सणापासून बर्फ पडेपर्यंत वहिनी त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण बाजाराच्या आदल्या दिवशी दोघं पाटाशी हजर. गोळा उलटून हात बाहेर आला की वहिनी नुसतं "हं" म्हणायच्या, मग किल्सूचा घाव. अख्ख्या हंगामात त्या घरात तेवढाच काय तो शब्द. आमची ही म्हणायची, यांचं भांडण चालू असताना इंजल्मी जास्त मऊ होते. वासराचं पुढे काय झालं ती वेगळीच गंमत आहे, पण ती राहू दे.

किल्सू गेला आणि मोगर भिंतीला टेकला. पाटाशी वहिनी एकट्या, मुलगा कामाला शहरात. उलटणाऱ्याला मारणारा लागतो, आणि गावात उरलो होतो कोण? मी, खांदा निखळलेला. दुसरा आमचा गावप्रमुख, जो दारूच्या पेल्याहून जड काही उचलत नाही.

मग त्यांची सून बोरा शहाणपणाने वागली. ही बुसानची, समुद्रकाठची पोरगी, चार भाषा बोलते. तिने प्रवाशांना घरी बोलवायला सुरुवात केली. लांबलांबच्या देशांतली माणसं सकाळच्या बसने येतात, एप्रन बांधतात, परसातली पानं खुडतात, भात वाफवतात, कुटतात, आणि आपण केलेलं आपणच जमिनीवर बसून खातात. पहिल्या खेपेला परक्या माणसाने किल्सूचा मोगर उचलला तेव्हा मला वाटलं वहिनी रडतील. कसल्या रडतात! बाही वर करून त्या पाटाशी बसल्यासुद्धा. म्हातारीला मारणारे मिळाले होते, दर आठवड्याला नवे.

आणि मग आला तो आयर्लंडचा धिप्पाड पाहुणा. मनाचा चांगला, पण लाकूड फोडायची सवय. "हं" ची वाटच पाहिली नाही. तालुक्याच्या डॉक्टरने हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं. तो पाहुणा बिचारा वहिनींपेक्षा जास्त रडला.

त्या दिवशी बोराने ठरवलं, कुटणं बंद. बाजारातून तयार गोळा आणायचा, पाहुण्यांनी तो कापून पिठात घोळवायचा आणि फोटो काढायचे. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

"आई, तुमच्या हाताला काही झालं तर मी तुमच्या लेकाला काय तोंड दाखवू?" ती म्हणाली.

"हात माझा आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यात तुमची तोंडं कशाला आणतेस?"

दोन दिवस घरात भांडी जोरात आपटत होती. शेवटी ठरलं ते असं. शुक्रवारी फिनलंडचे लोक यायचे होते, तेवढी एक खेप. पुन्हा हाताला मोगर लागला तर पाट कायमचा गोठ्यात.

बोटाची सूज उतरेपर्यंत वहिनी स्वस्थ बसल्या नाहीत. आधी त्यांनी हलका मोगर करून घेतला. भात त्याला दाद देईना. मग लांब उलथन्याने उलटून पाहिलं, तर सगळा गोळाच उलथन्याला चिकटून वर आला आणि झेंड्यासारखा लोंबायला लागला. मी हसलो. हसायला नको होतं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच अंगणात बोलावलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, हात ओला करा आणि बसा."

मी जन्मभर मारणारा. उलटायला कधी बसलो नव्हतो. वहिनींनी स्वतः मोगर उचलला, आणि त्याच्याखाली माझा हात. अहो, मला माझी मेलेली आजी दिसली. गोळ्याला बोट लागतं न लागतं तोच हात मागे. वहिनी मोगर वर धरून नुसत्या उभ्या. म्हणाल्या, "तुम्ही हं म्हटल्याशिवाय हा खाली यायचा नाही. घाई कसली आहे?" हळूहळू जमलं. मग त्यांनी जागा बदलायला लावली. खांदा दुखत होता तरी मी चार घाव मारले, आणि माझं मलाच नवल वाटलं. माझी नजर भातावर नव्हतीच, वहिनींच्या मनगटावर होती. वहिनींनी ते पाहिलं, माझ्या हातातून मोगर काढून घेतला आणि घरात गेल्या.

शुक्रवारी फिनलंडची मंडळी आली. त्यांत यार्को नावाचा एक, आमच्या दाराच्या चौकटीला ज्याचं कपाळ लागतं असा. भात पाटावर ओतला, वाफ निघत होती. वहिनींनी बोराला सांगितलं, पाहुण्यांना सांग, आधी उलटायला तुम्ही बसायचं, मारणार मी.

"हे मी सांगणार नाही," बोरा म्हणाली. "पाहुण्यांचा हात मोगराखाली? लोक इथे खायला येतात आई, हात मोडून घ्यायला नाही."

"मग तू बस."

बोराने पाटाकडे पाहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पोरीने सगळं केलं त्या घरात, पण पाटाशी हात कधी ओला केला नव्हता. ती जागा सासूची, सुनेने मागितली नाही आणि सासूने दिली नाही. पाहुण्यांना बोललेलं कळत नव्हतं, पण काहीतरी अडलंय एवढं कळत होतं. भात निवत चालला होता, आणि निवलेला भात कुटला तर नुसत्या गुठळ्या होतात. हे बोरालाही माहीत. तिने घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही सारली आणि हात मिठाच्या पाण्यात बुडवला.

पहिल्यांदा तिच्या तोंडून "हं" निघालंच नाही. सासू मोगर खांद्यावर घेऊन उभी. थकली असणार, पण हलली नाही. मग निघालं, उंदराच्या आवाजात. घाव बसला. पुन्हा उलटलं, पुन्हा "हं". पाचसहा घावांनंतर पोरीचा आवाज असा मोकळा झाला की परसातली कोंबडी दचकली. फिनलंडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि यार्को, त्याला कोणी काही सांगितलेलं नसताना, बाह्या वर करून बोराच्या शेजारी येऊन बसला.

त्याचा तो फावड्याएवढा हात मोगराखाली गेला तेव्हा यार्कोचं तोंड पांढरं पडलं. उलटणं वाईटच जमलं त्याला. पण नंतर मोगर त्याच्या हाती दिला आणि वहिनी खाली बसल्या, तर हा गडी मास्तरांपुढे उभ्या पोरासारखा त्यांच्या "हं" ची वाट बघतोय. प्रत्येक घावाला. एकेक करून सगळे आधी उलटायला बसले, मग मारायला उठले. इंजल्मीत शितं राहिली होती, खोटं कशाला बोलू. तरी परातीत कण उरला नाही आणि यार्कोच्या मिशा पिठाने पिवळ्या झाल्या.

पाहुण्यांची बस गेल्यावर दोघी पाट घासायला बसल्या. मी ओसरीवर उरलेलं पीठ चाटत होतो. बोरा हसत होती, पण पाट अंगणात राहणार की गोठ्यात जाणार हे ती अजून बोलली नव्हती. घासता घासता ती थांबली आणि म्हणाली, "आई, आजचे ऐकणारे होते. उद्या एखादा आडदांड आला आणि त्याने ऐकलंच नाही तर?"

वहिनींनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "जो माझ्या मोगराखाली हात घालणार नाही, त्याला मोगर मिळणार नाही. त्याला तू पीठ चाळायला बसव, तेही काम आहेच. पाट इथून हलायचा नाही. आणि पुढच्या खेपेला उलटायला तू बसायचंस, माझं मनगट आज मोगर धरून धरून दुखलंय."