आवक-जावकची गुन्वोर

गुन्वोर हेडलोफइतकी चौकस बाई आमच्या गावात दुसरी नाही. कोणाच्या पिशवीत काय आहे, कोणाच्या दारात परकी गाडी उभी आहे, कोणाच्या सुनेनं केस का कापले, सगळं तिला कळायलाच हवं. आणि अशा बाईला नगरपालिकेनं एकतीस वर्षं नेमकं त्या खुर्चीवर बसवलं, जिथे 'तुम्ही कोण' आणि 'कशाला हवंय' हे दोनच प्रश्न विचारायला बंदी आहे.

आम्हा स्वीडिश लोकांचा हा कायदा अडीचशे वर्षं जुना. सरकारी कागद कोणीही मागावा, नाव न सांगता मागावा, आणि कारकुनानं मुकाट्यानं काढून द्यावा. गुन्वोर आवक-जावक सांभाळायची. आलेल्या प्रत्येक पत्राला क्रमांक, रोजची यादी सगळ्यांना वाचायला खुली, आणि खिडकीवर येईल त्याच्या हातात कागद. मी शेजारच्या टेबलावर बांधकामाचे परवाने बघतो. माणूस कागद घेऊन गेला की कॉफीच्या वेळी आमचे तर्क सुरू व्हायचे.

"कुंपणाचं भांडण," दालचिनीचा पाव मोडत ती म्हणायची. "बूट पाहिलेस त्याचे? कुंपणाचंच."

तर्क करायला कायद्याची हरकत नव्हती. विचारायला होती, आणि एकतीस वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. मला कधीकधी तिची कीव यायची.

गेल्या जानेवारीत एक बाई येऊ लागली. पन्नाशीची, डोक्याला हिरवी लोकरीची टोपी, आमच्या गावची नक्कीच नव्हे. दर गुरुवारी हजर. तळ्याकाठची सगळ्यांची पोहायची जागा नगरपालिकेनं एका हॉटेलवाल्याला देऊन टाकली होती, त्याचे कागद ती मागायची. आधी ठराव, मग पत्रव्यवहार. तिसऱ्या गुरुवारी तिनं मुख्याधिकाऱ्यांना आलेल्या ईमेलची यादी मागितली. ती लांबलचक होती, म्हणून गुन्वोरनं पुढच्या गुरुवारचा वायदा केला.

आमचे तर्क संपले. वकील? हॉटेलवाल्याची सोडलेली बायको? तळ्यात पोहून बरी झालेली कोणी? गुन्वोरला तर जेवण गोड लागेना.

मंगळवारी मुख्याधिकारी स्टाफान खाली आला. हसरा माणूस, त्या दिवशीही हसत होता. ती बाई कोण, त्यानं विचारलं. माहीत नाही, विचारायचं नसतं, गुन्वोर म्हणाली. तो तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला. आवक-जावक सत्तर किलोमीटरवरच्या मोठ्या कार्यालयात हलवायचं चाललंय, म्हणाला, पण शेवटचा शब्द माझा आहे. तुझ्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली, रोज बर्फातून एवढ्या लांब जायचं म्हणजे हालच की.

मग उठता उठता म्हणाला, "सहज बोलता बोलता विचार गं. गप्पा मारायला कुठे बंदी आहे?"

गुरुवारी बाई आली. यादी गुन्वोरच्या हातात तयार होती. ती पुढे करायची सोडून गुन्वोर तशीच उभी राहिली, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं.

"एवढे सगळे कागद कशाला हो लागतात तुम्हाला?"

बाईचा चेहरा उतरला. "राहू दे," ती म्हणाली आणि यादी न घेताच निघून गेली.

ऐकणारा मी एकटाच होतो, आणि मी तोंड उघडणार नव्हतो. तसं मी गुन्वोरला सांगितलंही. तिनं ती यादी खणात ठेवली.

"स्टाफानसाठी नाही विचारलं रे मी," ती म्हणाली. "मलाच कळायला हवं होतं. त्यानं नुसतं निमित्त दिलं."

मग तिनं चार ओळी टाइप केल्या. आज साडेदहा वाजता आवक-जावकच्या कारकुनानं कागद मागणाऱ्या व्यक्तीला कारण विचारलं. हे कायद्याविरुद्ध आहे. मुख्याधिकाऱ्यांनी मंगळवारी तोंडी तसं सुचवलं होतं. कारकुनाला स्वतःलाही जाणून घ्यायचं होतं. खाली सही केली, आवकचा शिक्का मारला, क्रमांक घातला आणि कागद त्या दिवसाच्या यादीत चढवला.

तुला वेड लागलंय का, मी म्हणालो. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतेस.

"आता तो कागद झाला, अल्वार. मागेल त्याला द्यायचा."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी ती यादी वाचून वर्तमानपत्रवाले दारात होते. स्टाफाननं गैरसमज झाल्याचं छापून आणलं. दोन आठवड्यांत हुकूम निघाला, एक मार्चपासून आवक-जावक मोठ्या कार्यालयात. माझा असा संताप झाला की स्टाफान समोरून आला तर मी आजही भिंतीकडे बघतो.

शेवटच्या दिवशी गुन्वोर आपला कप आणि कुंडी खोक्यात भरत होती. पावणेचारला हिरवी टोपी खिडकीशी आली. वर्तमानपत्र तिनंही वाचलं होतं.

"माझ्यामुळे तुमच्यावर ही वेळ आली," ती म्हणाली. "मी कोण आणि कशासाठी येते, निदान तेवढं तरी तुम्हाला सांगते."

गुन्वोरनं दोन्ही हात कानांवर ठेवले. त्रेसष्ट वर्षांची बाई, भर कचेरीत.

"नको, सांगू नका. चार वाजेपर्यंत मी या खिडकीवर आहे."

मग कान सोडून तिनं खणातली यादी काढली आणि बाईच्या हातात दिली. बाई क्षणभर घुटमळली, मग आभार मानून गेली.

उरलेली पंधरा मिनिटं गुन्वोर हात बांधून बसली. नजर घड्याळावर. चारचा ठोका पडला तशी ती उठली आणि कोट न घेताच जिना उतरत धावली. तिचा कोट घेऊन मी मागे. रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी तेवढी चालली होती. गुन्वोरनं एका टोकाला पाहिलं, दुसऱ्या टोकाला पाहिलं, पुन्हा पहिल्या टोकाला पाहिलं.

"सांगणार होती रे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "स्वतःहून सांगणार होती."