गॅलरीतली सात टिपाडं

बीडला रेल्वे येणार हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. आमच्या वडिलांनी तर त्या भरवशावर प्रवासाची एक लोखंडी पेटी घेऊन ठेवली होती. वडील गेले, पेटी राहिली, आणि आई तिच्यात तुरीची डाळ ठेवू लागली. एवढं डोळ्यांदेखत घडूनही मी म्हातारपणी फ्लॅट घेतला तो रेल्वे दिसावी म्हणून, आणि तोही तिसऱ्या मजल्यावर. ज्यांना अक्कल होती त्यांनी तळमजला घेतला.

त्याआधी मी केज तालुक्यातल्या आमच्या गावात दूध संस्थेचा सचिव होतो. उभी हयात लॅक्टोमीटर हातात धरून लोकांच्या दुधातलं पाणी पकडण्यात गेली. मग ओळीनं दुष्काळ पडले. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं. शेवटी शेवटी तर दुधात घालायलाही कुणाकडं पाणी उरलं नाही आणि संस्थेला कुलूप लागलं. मी मोकळा झालो. मोकळा माणूस वाईट. तो पेपरातल्या जाहिराती वाचतो.

जाहिरातीत चार मजल्यांची देखणी इमारत होती आणि तिच्या गॅलरीला जवळजवळ घासून एक निळी गाडी चालली होती. बिल्डरचा माणूस म्हणाला, काका, स्टेशन इथून हाकेवर होणार, गॅलरीत उभं राहून गार्डाला चहा देता येईल. मी कप किती मोठे असावेत इथपर्यंत विचार केला. प्रत्यक्षात गॅलरीतून मातीचा एक लांबलचक भराव दिसत होता आणि त्यावर दिवसभर शेळ्या चरत होत्या. रूळ यायचे होते. बाकी सगळं आलं होतं.

ज्या रानात एका माणसाची ज्वारी व्हायची तिथं आता बारा फ्लॅट होते आणि त्यात दहा बिऱ्हाडं. वरचे माझ्या शेजारचे दोन फ्लॅट अजून कुलपात होते. सगळी माणसं खेड्यातून आलेली. एकाच्या डोक्यावर दुसरा राहतो ही गोष्टच कुणाच्या पचनी पडेना. पहिल्या महिन्यात लोक एकमेकांना गाव, जात, पाहुणे विचारायच्या आधी विचारायचे, "तुमच्या डोक्यावर कोण हाय?" माझ्या खालच्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. त्यांच्या डोक्यावर मी होतो, आणि हे त्यांना कधीच रुचलं नाही.

गृहनिर्माण संस्था नोंदवायची वेळ आली तेव्हा सहकारातला अनुभवी माणूस म्हणून मलाच चेअरमन केलं. खरं म्हणजे इतिवृत्ताची वही माझ्या पिशवीत आधीपासूनच होती. ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर ही भाषा ऐकली की मला झोपेतसुद्धा बरं वाटतं.

बरं वाटत नव्हतं ते आमच्या मंडळींना. ती धारूरच्या डोंगराकडची. तिकडच्या माणसाचं पाण्याबाबत एकच म्हणणं असतं, पाणी डोळ्यानं दिसलं पाहिजे. मी तिला कौतुकानं नळ दाखवला. तिनं विचारलं, "नळात पाणी हाय म्हंजे नेमकं कुठं हाय?" मी गच्चीकडं बोट केलं. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

त्या उन्हाळ्यात टँकर चार दिवसांनी यायचा. तळमजल्यासमोर जमिनीत मोठा हौद होता, त्यात टँकर रिकामा व्हायचा, मोटार ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायची आणि मग अर्धा तास नळ सुटायचे. पाणी खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर माणसं घागरी, पातेली, तांबे, लेकरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून घ्यायची. एकदा ऐन जेवणाच्या वेळी धारूरकडचे पाहुणे आले आणि नळ खोकून गप्प झाला. मंडळींना कळशी घेऊन अनोळखी बाईच्या दारात जावं लागलं. पाहुणे जेवून गेले. ती जेवली नाही. संध्याकाळी कनवटीची गावाकडच्या घराची किल्ली काढून तिनं माझ्यापुढं धरली.

"परत एकदा कुणाच्या दारात कळशी घिऊन जायची पाळी आली, की मी गावाकडं. तुमी बसा रेल्वे बघत."

ती रागानं बोलली असती तर मी निभावून नेलं असतं. पण ती डाळ निवडताना बोलावं तशी बोलली. आमच्या संसारात असं बोलून तिनं केलं नाही असं काहीच नाही. लग्नानंतर पस्तीस वर्षांनी एकटं राहून स्वयंपाक शिकायचा, या विचारानं मला घाम फुटला.

दुसऱ्याच दिवशी मी सभा बोलावली आणि कडक ठराव मांडला. पाण्याची साठेबाजी होऊ नये म्हणून प्रत्येक बिऱ्हाडानं दोनच टिपाडं ठेवावीत. टिपाड म्हणजे ते दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप. सूचक मी, अनुमोदक कंडक्टर. सर्वानुमते मंजूर. मी सुवाच्य अक्षरात लिहून सही केली.

आणि आठवड्याच्या आत माझ्या गॅलरीत सात टिपाडं झाली.

हे कसं झालं ते सांगताना आजही मला थोडी लाज आणि बरीच गंमत वाटते. गच्चीच्या दाराची किल्ली चेअरमनकडं होती आणि गच्चीवर प्रत्येक मजल्याच्या पाइपाला वेगळा कॉक होता. मी सगळ्यांना सांगितलं की वरच्या मजल्याच्या पाइपात हवा धरते, ती काढायला तो कॉक दहा मिनिटं आधी सोडावा लागतो. हवा बिवा काही नव्हती, ती दहा मिनिटं एकट्या माझ्या नळाला पाणी यायचं. पण चेअरमननं तांत्रिक शब्द वापरला की सभासद मान डोलावतात, हे मला दूध संस्थेपासून ठाऊक होतं.

रिकामी टिपाडं मी एकेक करून जिन्यानं वर नेली. वाटेत कुणी भेटलंच तर, ज्वारी ठेवायला आणलंय. तिसऱ्या टिपाडाला कंडक्टर म्हणाले, "लई ज्वारी झाली की औंदा तुमाला." औंदा तालुक्यात कुणाच्या रानात कणीस नव्हतं.

टिपाडं दिसू नयेत म्हणून त्यांवर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या, वर गादी, गादीवर सतरंजी, पुढून जमिनीपर्यंत चादर सोडली. झाला दिवाण. जरा उंच झाला, चढायला खालती पाट लागायचा, पण रेल्वे बघायला उंचच बसावं असं मी मंडळींना पटवलं. ती रोज सकाळी चादर उचलून, झाकण काढून आत बघायची आणि मग चहा टाकायची. किल्ली कनवटीलाच होती, पण तिचा विषय निघेना झाला.

दीड महिना असा सुखात गेला. एक दिवस कंडक्टर मला खाली त्यांच्या गॅलरीत घेऊन गेले आणि छताकडं बोट केलं. त्यांच्या गॅलरीचं छत म्हणजे माझ्या गॅलरीची जमीन. तिला मधोमध एक तडा गेला होता, नकाशात नदी काढतात तसा, दोन फाटे फुटलेला.

"बिल्डरनं सिमेंट खाल्लं," ते म्हणाले.

मी ताबडतोब सहमत झालो. इतकंच नाही, मी बिल्डरच्या निषेधाचा मसुदा तिथंच उभ्यानं सांगितला. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात टिपाडांचा विचारसुद्धा आला नाही. डोक्यात फक्त निकृष्ट हा शब्द होता आणि तो मसुद्यात कुठं बसवावा ही चिंता होती.

सभा चेअरमनच्या घरी व्हायची हा माझाच पायंडा. रविवारी सकाळी पुरुषमंडळी जमली. तळमजल्यावरचे मिस्त्रीही आले. त्यांचा मोटार रिवायंडिंगचा धंदा, बीडातल्या निम्म्या बोअरच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मोटारीत काय बिघाड आहे हे ते खोलून बघायच्या आधी ऐकून सांगायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. तडा कुठून कुठवर गेलाय हे त्यांनीच बघावं असं कंडक्टरांनी सुचवलं. अनुमोदन मी दिलं.

मी मसुदा वाचत होतो. कंडक्टर पाटावर पाय देऊन दिवाणावर चढले, शेजारी आणखी दोघं बसले. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. आधी खांबाला लावला, मग कठड्याला, मग जमिनीला. डोळे मिटलेलेच. कंडक्टरांनी मांडी बदलली आणि त्यांच्या खालून कुणीतरी पोटातल्या पोटात बोलावं तसा आवाज आला. मी मोठ्यानं वाचू लागलो. मिस्त्रींनी मला हातानं थांबवलं, सरकत सरकत दिवाणापाशी आले, टोक चादरीवर टेकवलं आणि बराच वेळ ऐकलं.

"चेअरमनसाब," ते हळूच म्हणाले, "तुमच्या दिवाणात पानी हाय."

सगळे दिवाणाकडं बघू लागले. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन मंडळी आली. तिला वाटलं, कौतुक चाललंय. तिनं ट्रे ठेवला, पुढची चादर वर उचलली आणि सांगितलं, "एक न्हाई, सात हायेत. गाळून भरल्यात. गढूळ थेंब सापडायचा न्हाई."

कंडक्टर दिवाणावरून उतरले. त्यांनी एकेका टिपाडावर टिचकी मारत सात मोजली, गाडी सुटायच्या आधी सीटं मोजावीत तशी.

"दोन टिपाडांचा ठराव कुणी मांडलता?"

"मी."

"आन् अनुमोदन?"

"तुमी."

"मला कशाला घातलं बे त्यात?" ते म्हणाले. चेअरमनला बे म्हणण्याचा तो पहिला प्रसंग.

मिस्त्रींनी मात्र राग धरला नाही. मला धोका कळावा अशा बेतानं त्यांनी हिशेब समजावला. "भरलेलं टिपाड म्हंजी दोन क्विंटल. सात म्हंजी चौदा. चेअरमनसाब, तुमी गॅलरीत चार बैल बांधल्यात. त्यावर आता तीन मानसं बसलती. बिल्डरनं सिमेंट खाल्लं असतं तर आपन हितं बोलत नसतो."

पुढच्या क्षणी गॅलरी रिकामी झाली. जन्मभर मी लॅक्टोमीटर घालून लोकांचं पाणी पकडलं, माझं एका स्क्रू-ड्रायव्हरनं पकडलं. निषेधाचा मसुदा मी फाडला. कंडक्टर म्हणाले, फाडू नका, मागच्या बाजूला लिहा, आणि मग वहीत उतरवा. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. आजही त्या वहीत माझ्याच वळणदार अक्षरात आहे, "चेअरमन यांचे दिवाणात सात टिपाडे भरलेली आढळली. सर्वानुमते." कशाला सर्वानुमते, ते मलाही ठाऊक नाही. हाताला सवय.

टिपाडं उचलता येण्यासारखी नव्हती, पाणी उपसावं लागणार होतं. निरोप गेला आणि सगळ्या मजल्यांवरच्या बाया घागरी, कळश्या घेऊन जिन्यात ओळीनं उभ्या राहिल्या. मंडळी गॅलरीच्या उंबऱ्याशी बसून बादलीनं वाटत होती. जिच्या दारात ती कळशी घेऊन गेली होती ती बाईही आली. तिची कळशी हिनं काठोकाठ भरली, वर आणखी एक तांब्या ओतला. दीड महिन्यात मी तिला इतकी खुशीत बघितली नव्हती. मला वाटलं, सुटलो.

दुपारी टिपाडं रिकामी झाली. ती आत गेली आणि पिशवीत लुगडी भरू लागली.

मी म्हणालो, अगं आता सगळ्या ओळखीच्या झाल्या. ती म्हणाली, "आज त्या माझ्या दारात आल्या. परवा मला त्येंच्या दारात जायचंय. पाणी दिसंना झालं, मी कशाच्या भरवशावर ऱ्हाऊ?"

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. पुढ्यात वही होती, पण बायकोला थांबवायचा ठराव कसा लिहितात हे सहकारात कुणी शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात तड्याचं बोलायला मिस्त्री वर आले आणि पाठोपाठ त्यांच्या घरच्या. त्यांना आपली कळशी न्यायची होती. रिकाम्या गॅलरीच्या दारात त्या थबकल्या, वाऱ्याला तोंड करून उभ्या राहिल्या. खाली त्यांच्या घरात भिंतीमुळं वारा नव्हता आणि दिवसा दिवा लावावा लागायचा. आतून मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"वर लई हवा हाय भाभी तुमच्याकडं."

"हवा काय प्यायची हाय? तुमचं बरंय, दारापुढं हौद. झाकण काढलं की पाणी दिसतं."

मग दोघी एकदम हसल्या. मिस्त्री आणि मी वहीपाशी बसून जबाबदारी कुणाची यावर बोलत होतो तोवर घरांची अदलाबदल ठरून गेली होती. कागदपत्रं पुढं सवडीनं झाली; मिस्त्रींनी गॅलरीला खालून लोखंडी टेकू लावून घेतला आणि वर एक खुर्ची आणि तुळशीएवढी मिरचीची कुंडी यापलीकडं काही ठेवलं नाही. आमच्या मंडळींनी खाली आल्या आल्या कनवटीची किल्ली काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली, टँकरच्या पाइपाच्या शेजारी. ती अजून तिथंच आहे. हौदाचं झाकण उचलून आत बघितल्याशिवाय ती आजही चहा टाकत नाही.

मला चेअरमनपदावरून काढलं नाही. कंडक्टर म्हणाले, शिक्षा म्हणून राहू द्या. गच्चीची किल्ली मात्र त्यांनी स्वतःकडं घेतली, आणि टँकर आला की पाइप हौदात धरून उभं राहायचं काम सर्वानुमते माझ्याकडं आलं.

तिथून कंपाउंडची भिंत दिसते. भिंतीच्या वर थोडं आभाळ दिसतं. भराव दिसत नाही. दोन उन्हाळ्यांनी रूळ पडले आणि एका सकाळी चाचणीचं इंजिन येणार असं कळलं, तेव्हा अख्खी इमारत वर धावली. टँकर त्याच वेळी आला. मी पाइप धरून उभा राहिलो. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली, आयुष्यात पहिल्यांदा, आमच्या बीडात. पाइप सोडून पळावं असं पायांना वाटत होतं. पण हौद अर्धाच भरला होता.

वर, जी गॅलरी माझी होती तिथं, आमच्या मंडळी आणि मिस्त्रींच्या घरच्या कठड्याला टेकून चहा पीत उभ्या होत्या. तिनं खाली वाकून मला हाक मारली.

"आवं, आली बरं का."

"कशी हाय?" मी खालून विचारलं.

तिनं बशीतला चहा संपवला, पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

"काय न्हाई, नुसतं इंजिन हाय. तुमी पाइप नीट धरा, बाहेर सांडायलंय."