चार मैलांचा कुत्रा

पन्नाशीच्या दशकात मी रोहण्याला शाळामास्तर होतो. पुलगावच्या एका लष्करी साहेबांची बदली झाली आणि त्यांचा कुत्रा माझ्या गळ्यात पडला. खरं सांगायचं तर मीच हौसेनं गळा पुढे केला होता. अंगभर काळे ठिपके असलेला डालमेशियन! अख्ख्या तालुक्यात तसा दुसरा नसेल, या विचारानंच माझी छाती फुगली होती. सोबत साहेबांनी एक कागद दिला: सकाळी चार मैल पळवणे, संध्याकाळी चार मैल. जेवण दोनदाच. मधे काही देऊ नये.

कागद मी खिशात ठेवला आणि कुत्रा अंगणात बांधला. दुसऱ्याच दिवशी त्यानं दोर तोडून घरमालकिणीचा वांग्यांचा वाफा उकरला. घरमालकीण म्हणजे एकटी राहणारी म्हातारी. त्या वांग्यांवरच तिचं पोट होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "हा पुन्हा वांग्यात शिरला, तं तुमी दोघंबी बाहेर."

गावात दुसरी खोली मिळणं कठीण. मी धावू लागलो. नाल्यावरच्या पुलापर्यंत दोन मैल, परत दोन मैल. पुढे कुत्रा, मागे धोतर सावरत मी. पण कुत्र्यामागे माणूस व्यायामासाठी धावतो, हे रोहण्यात कुणाला ठाऊक? लोकांना वाटे, मास्तरचा कुत्रा सुटला. वाटेतला जो तो बैलगाडी थांबवून त्याला धरी.

"जरा घट्ट बांधत जा ना, मास्तर! रोज काऊन सुटते हा?"

वर, दमला असेल म्हणून शिदोरीतला भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे. कुत्रा गुटगुटीत झाला, मी काटकुळा.

मग थंडीतापानं मला आडवं केलं. तिसऱ्या दिवशी कुत्रा वाफ्याकडे टक लावून बघू लागला आणि माझं धाबं दणाणलं. चौथ्या सकाळी अंगणात सामसूम. खिडकीतून पाहतो, तर म्हातारीनं लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, हातात दोर, आणि दोघं रस्त्याला लागलेली!

परतल्यावर मी विचारलं, "वाटेत कुणी धरलं नाही?"

"कोनाची हिंमत हाय!" ती म्हणाली.

मी बरा झालो, तरी सकाळी तो तिच्याच दाराशी जाऊन बसे. मला राग यायचा, उघड सांगतो. कुत्र्याचा आणि म्हातारीचाही.

वर्षभरात माझी समुद्रपूरला बदली झाली. मी ट्रंक बांधत होतो, तर ती दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, याले काऊन नेता? मले आता सवय झाली त्याची." ती कुणाकडे काही मागणारी बाई नव्हती. नेणारच असं ठरवलेला मी, पण दोर तिच्या हाती दिला.

सकाळची मोटार निघाली, आणि मागे बघतो तो काय, दोर हिसडून कुत्रा धुळीतून धावत येत होता.

"मास्तर, कुत्रा सुटला तुमचा!" मोटारभर ओरडा झाला.

माझे डोळे भरून आले. शेवटी माझाच तो! आता ड्रायव्हरला थांबवायचं आणि त्याला वर घ्यायचं, म्हणून मी उठलो.

तेवढ्यात नाल्यावरचा पूल आला. कुत्रा थांबला, वळला आणि मागे न बघता घराकडे धावत सुटला. दोन मैल झाले होते.