हेदवीच्या कातळावर एकवीस बायका

रशीदाबी बागवान यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो छत्तिसाव्या वर्षी. जन्म जत तालुक्यातला. टँकर आला की घागर घेऊन पळायचं, एवढीच पाण्याची ओळख. लग्नानंतर साताऱ्यात शिलाईकाम करताना एकदा गल्लीतल्या आठजणींबरोबर गुहागरला गेल्या आणि किनाऱ्यावर तासभर लाटा बघत बसल्या. तेव्हापासून नऊ वर्षं त्या बायकांच्या सहली कोकणात नेतात. गाडी धाकटा भाऊ मोहसीन चालवतो.

गेल्या फेब्रुवारीत औंधकडच्या एकवीसजणी आल्या. त्यांच्या घरचे पुरुष फौजेत, अर्धा देश फिरलेले. ह्यांनी माहेर आणि सासर एवढंच पाहिलेलं. वेळणेश्वरचं देऊळ झालं, मऊ वाळूत चालून झालं. मग हेदवीची बामणघळ बघायची होती. समुद्राकाठच्या कातळात ती अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की माणसाच्या दुप्पट उंच उसळतं. ते बघायला भरतीलाच जावं लागतं, आणि भरतीलाच तो कातळ धोक्याचा. वरच्या खडकावरूनच बघायचं, असं रशीदाबींनी गाडीतच दोनदा बजावलं होतं.

त्या दिवशी अमावस्या नुकतीच झालेली, उधाणाची भरती. पाणी उसळलं तशा बायका हरखून गेल्या. रशीदाबीही त्यांच्यात मिसळून बघत राहिल्या. मग सवयीनं त्यांनी डोकी मोजली. वीस भरली.

राजेश्वरी खालच्या खडकावर होती. लग्नाला वर्षही न झालेली ही पोर फोटो काढायला उतरली होती. ती उतरली तेव्हा दोन खडकांमधली छोटी घळ कोरडी होती. आता तिथून कमरेइतकं पाणी धावत होतं. तिची सासू बनुबाई खाली पळणार, तोच रशीदाबींनी तिला दंडाला धरून दोघींच्या ताब्यात दिलं आणि मोहसीनला गाडीवरचा दोर आणायला पिटाळलं.

"खाली बस पोरी. खडक धर," त्या ओरडल्या. राजेश्वरी बसली. पुढची लाट तिच्या खांद्यांवरून गेली.

मोहसीननं फेकलेला दोर पहिल्यांदा वाऱ्यानं वळला. दुसऱ्यांदा तिच्या हाती लागला आणि तिनं तो कसाबसा काखेखालून बांधला. दुसरं टोक मोहसीन आणि सहा बायकांनी धरलं. रशीदाबी लाटा बघत होत्या. तीन-चार मोठ्या आल्या की पाणी थोडा वेळ मंदावतं, हे त्यांना नऊ वर्षांत कळलं होतं. पाणी मंदावलं.

"ऊठ, ये."

राजेश्वरी उठलीच नाही. डोळे गच्च मिटून ती खडकाला चिकटून राहिली. पुन्हा हाक मारेपर्यंत मोठी लाट आली. पाणी आता तिच्या छातीला लागत होतं. मागे बनुबाई लेकाचं नाव घेऊन रडत होती.

रशीदाबी दोराला धरून घळीच्या काठापर्यंत उतरल्या. पाणी त्यांच्या गुडघ्यांवर आपटत होतं.

"राजेश्वरी, डोळं उघड. पाण्याकडं बघू नगं, माज्याकडं बघ. मला बी लय भ्या वाटतंय. पर मी हितनं हलत न्हाई."

तिनं डोळे उघडले. दोन लाटा गेल्या, तिसरी गेली. रशीदाबींनी नुसता हात पुढे केला. राजेश्वरी घळीत उतरली, मधेच पाय निसटून पाण्याखाली गेली आणि वरून सगळ्यांनी एकदम दोर ओढला. रशीदाबींच्या हाती तिचं मनगट लागलं.

खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तिचे दोन्ही गुडघे सोलून निघाले होते. बनुबाईनं तिला पदरात घेतलं, मग रशीदाबींकडे वळून म्हणाली, "तुमच्या भरवशावर आणली हुती बाई पोरीला."

"व्हय मावशी," रशीदाबी म्हणाल्या. "मोजायला मला उशीर झाला. चूक माजी हाय."

गाडी निघण्याआधी त्यांनी पुन्हा डोकी मोजली.

त्यानंतर महिनाभर रशीदाबींनी सहल काढली नाही. मग पुन्हा काढली, तेव्हा उधाणाचे दिवस यादीतून खोडले होते. बामणघळ उंच उसळताना दिसणार नाही म्हणून एक गट दुसऱ्या गाडीनं गेला. दिवाळीनंतर बनुबाईचा फोन आला. तिला आणि राजेश्वरीला समुद्र पुन्हा बघायचा होता, पण ओहोटीच्या वेळी.

रशीदाबींनी दोघींची नावं लिहून घेतली.