आधी छत, मग सभागृह

मंगलताई शेवाळे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असा आग्रह संपादकांनी धरला, तेव्हा मी स्पष्टच विचारलं, "हेवा छापाल का?" ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

ताईंना मी प्रथम पाहिलं ते सोनईच्या शाळेच्या गच्चीवर. आमच्या शिक्षणसंस्थेत नव्या बांधकामांचा अभियंता म्हणून मी नुकताच लागलो होतो आणि खाली माझ्या पहिल्या इमारतीचं भूमिपूजन होतं. हार, सनई, अध्यक्ष, सगळी जय्यत तयारी. शेजारच्या जुन्या इमारतीवर मात्र एक बाई भर मे महिन्यात बादलीनं पाणी ओतत होत्या. अध्यक्षांनी वर पाहून विचारलं, "हे काय चाललंय?" वरून उत्तर आलं, "छत कुठं गळतंय ते आत्ताच बघते, साहेब. पावसात बघून काय उपयोग?" झालं! सगळी मंडळी नारळ तसाच ठेवून गच्चीवर गेली आणि माझा मुहूर्त टळला.

संस्थेच्या जिल्हाभरातल्या इमारतींचं नियोजन ताईंकडे. कुठल्या छताचं, कुठल्या वायरिंगचं आयुष्य किती उरलंय, कोणत्या वर्षी कशावर खर्च करायचा, हे आधी त्या ठरवणार. उरलं तर नवं बांधकाम, म्हणजे मी. माझं एक स्वप्न होतं: नगरच्या मुख्य आवारात सभागृह, माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचेल असं. दर वर्षी बैठकीत मी त्याचे नकाशे उलगडायचो आणि ताई शांतपणे म्हणायच्या, "आधी छत, मग सभागृह." माझे केस पांढरे झाले, छतं काही संपेनात.

अकोले तालुक्याच्या डोंगरातलं मुलींचं वसतिगृह आणि तिसगावची शाळा ही कामं एकाच वर्षी निघाली. पाऊस लागला की तिकडं ट्रक चढत नाही, म्हणून ताईंनी वसतिगृहाचे पत्रे दिवाळीतच पोचवले. मुली कोरड्या खोल्यांत राहायला गेल्या. तिसगावात माझा स्लॅब ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून अडला. टँकरची वाट बघत उभा होतो, तर एक म्हातारबुवा जवळ आले.

"सायेब, त्या बाई न्हाई का आल्या? त्या असल्या म्हंजी काम टायमात हुतंय."

"त्या अकोल्याला आहेत."

"मग तुमी बी तिकडं जाऊन जरा बघून या की."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी तरी सुटका असावी? पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ताईंनी न सांगता माझी साइट सांभाळली आणि रोज संध्याकाळी डबा घेऊन त्या दवाखान्यात आल्या. ते उपकार मी विसरणार नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे नळ गळला तरी "ताईंना विचारा" असंच ऐकू येतं. अभियंता समोर चहा पीत बसलेला असतो!

मग एका बैठकीत अध्यक्षांना प्रवेशद्वारावर कमान हवी झाली. "पैसे आहेतच की बाजूला," ते म्हणाले. ताई कधी नव्हे त्या उभ्या राहिल्या. "ते पैसे सभागृहाचे आहेत. दर वर्षी थोडे थोडे राखून ठेवलेत. पुढच्या वर्षी शेवटचं गळकं छत होतंय, की सभागृह सुरू."

मी उलगडायला घेतलेले नकाशे पुन्हा गुंडाळले. ज्यांच्यावर इतकी वर्षं जळलो, त्यांनीच माझं स्वप्न जपलं होतं. निदान मनसोक्त राग तरी करू द्यायचा होता!

सभागृह उभं राहिलं. अगदी मला हवं तसं. आणि लोक त्याला काय म्हणतात? "ताईंचं सभागृह." आता त्यांच्या साठीचा सत्कारही तिथंच आहे. टाळ्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येतील, याची व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली आहे. मी त्याच रांगेत बसणार आहे.

ताईंनी या छताला पंचवीस वर्षांचं आयुष्य दिलंय. त्यांचा अंदाज चुकत नाही, हेही माझं एक दुखणं. तेव्हा ताई, प्रकृती ठणठणीत ठेवा. पंचवीस वर्षांनी बादली घेऊन या गच्चीवर तुम्हीच चढायला हवं. खाली माणसं जमतील, माना वर करून बघतील. तेव्हा वरून एकदाच, पण मोठ्यानं सांगा, की हे सभागृह कोणी बांधलं.