बांधावरचं ढेकूळ

दवाखान्यात पडले होते तेव्हा मला मरणापेक्षा बेनमाजी मरायची भीती जास्त वाटत होती. छातीत न्यूमोनिया भरला होता. पाण्याला अजिबात हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मोरीपर्यंत चालत जायचं बळही अंगात नव्हतं. नमाजाआधी पाण्याने हातपाय-तोंड धुवायचं ते वजू; वजू नाही तर नमाज नाही, एवढंच माझ्या डोक्यात. लांबच्या मशिदीतली अजान ऐकू आली की मी डोक्यावर पदर घ्यायची आणि तशीच पडून राहायची. आमचे हे म्हणायचे, बरी झालीस की कर, अल्लाला सगळं दिसतं. मला मात्र वाटायचं, त्याने मला दारातूनच परत पाठवलं. हे कुणाला बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

शेजारच्या पलंगावर कैनाड गावच्या एक आजी होत्या. पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे, असं त्या स्वतःच सांगायच्या. त्यांची सून एका दुपारी शेतातली कणगरं बाजारात विकून तशीच दवाखान्यात आली. उरलेल्यातला एक कंद आजींनी मला द्यायला लावला, घरी गेल्यावर उकडून खा म्हणाल्या. मी तो दोन्ही हातांत घेतला, तर कोरडी माती तळव्यांना लागली. त्या मातीकडे बघताना मला माझी आई दिसली. माहेरी, उधव्याला, शेवटच्या आजारपणात ती मातीच्या ढेकळावर हात ठेवायची, झटकायची, आणि तोंडावरून नि हातांवरून फिरवून नमाजला बसायची. तयम्मुम. पाणी चालत नसेल त्याच्यासाठी पाक माती. लहानपणी शिकलेही होते, पण घरची विहीर कधी आटली नाही, त्यामुळे ते लागलंच नाही आणि मनातून गेलं.

मी धीर करून आजींकडे थोडी माती मागितली.

"काय गो, कणगर सोडून मातीच खाणार?" आजी म्हणाल्या. सून तोंडावर हात ठेवून हसली.

मग मला रडू आलं, आणि जे नवऱ्यालाही नीट सांगता आलं नव्हतं ते मी त्या दोघींना सांगून टाकलं. आजींनी माझ्या तळव्यावरची माती निरखून बघितली. मग सुनेला म्हणाल्या, "ही खताची माती नको. देवाच्या कामाची आहे. उद्या बांधावरची आण, गुरं जात नाहीत तिथली."

दुसऱ्या दिवशी सागाच्या पानात बांधलेलं ढेकूळ आलं. पलंगावर माती बघून नर्सबाई रागावल्या, तर आजी म्हणाल्या, "माझी आहे, मला बोला." नर्सबाई मान हलवत गेल्या. दुपार कलली, असरची अजान झाली. मी तयम्मुम केलं, पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून बसले आणि बसल्या जागी मान वाकवून नमाज पढले. सजद्याला कपाळ जमिनीपर्यंत जात नव्हतं, तरी तेवढा लांबचा सजदा मी आयुष्यात केला नव्हता. बाजूला आजी हात जोडून बसल्या होत्या.

ताप त्यानंतरही बरेच दिवस रेंगाळला. मग उतरला, मी घरी आले, आता विहिरीवर वजू करते. एवढं अवघड माझ्यासाठी सोपं कुणी केलं, हे मी कुणाला समजावायला जात नाही. माझं येणं-जाणं त्याच्या हातात आहे, एवढं मला पुरतं. त्या दिवशी दवाखान्यात नमाज झाल्यावर दुआला हात उचलले तेव्हा बरं होणं मागायचं मी विसरूनच गेले होते.